आजीची अंगठी, तुझ्या मापाची

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अंगठीचा फोटो पाहिला आणि थेट उठून कपाट उघडलं. मधोमध लाल खडा, त्याला चारी बाजूंनी बंद कोंदण, कडेनं बारीक रव्यांची ओळ. ज्याला तू ‘विंटेज’ म्हणतेस तो आपल्या आजीच्या अंगठीचा घाट. ती मात्र घालण्याजोगी उरली नव्हती. तळहाताकडची पट्टी झिजून तारेसारखी झाली होती, एका जागी चीरही गेली होती. म्हणून ती आटवून त्याच घाटाची नवी घडवली. तुला आधी विचारलं नाही, राग मानू नकोस. विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस.

जुनी कशी घडली ते तुला कधी नीट सांगितलं नाही. चीनचं युद्ध झालं आणि जानेवारी १९६३ मध्ये सरकारनं चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी घातली. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरेट म्हणजे पितळच, असं गिऱ्हाईक म्हणायचं, त्यामुळे गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, कामच येईना. हातात एवढी कला असलेले आपले आबा वर्षभर सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होते. पुढे तीन-चार वर्षांनी ती अट गेली, पण त्या वर्षांबद्दल आबा कधी बोलले नाहीत. मला हे सगळं आजीनं सांगितलं.

त्याच दिवसांत आबांनी आजीची तुटकी बुगडी घेतली. साडेतीन ग्रॅम, बावीस कॅरेट. त्यात दोन ग्रॅम तांबं-चांदी मिसळली की साडेपाच ग्रॅम होतं, बरोबर चौदा कॅरेटचं. कायद्यात बसणारी अंगठी त्यांनी बायकोसाठी केली. परवा ती काट्यावर ठेवली तर साडेचार ग्रॅम भरली. मी मुशीत तीन ग्रॅम चोख सोनं घातलं आणि साडेसात ग्रॅमचं अठरा कॅरेट झालं. आबांना सोन्याचा कस, म्हणजे शुद्धता, उतरवावा लागला होता. तो चढवताना माझे डोळे भरून आले, आणि ते काही शेगडीच्या धगीनं नव्हे.

आता खड्याचं. आजी त्याला जन्मभर माणिक म्हणत आली. तो खाणीतला नाही, माणसानं बनवलेला आहे, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. भिंगाखाली तिरका धरला की आत बारीक वक्र रेषा दिसतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. खाणीतल्या माणकात रेषा असल्याच तर सरळ असतात, कोन करून वळतात. वेर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये असं माणिक बनवायची रीत जगापुढे मांडली: ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी, रंगासाठी किंचित क्रोमियम, आणि दोन हजार अंशांवरची ज्योत. भुकटी वितळून थेंबाथेंबानं खाली साचते आणि स्फटिक वाढतो. घटक माणकाचेच, काठिण्यही तेच, दहाच्या मापावर नऊ. म्हणून तर इतकी वर्षं भांडी घासूनही त्याच्यावर ओरखडा नाही. जुनी अंगठी म्हणजे आतला खडा खाणीतलाच, असं लोक धरून चालतात, ते बरोबर नाही.

आबांना हे माहीत नव्हतं असं होणारच नाही. त्यांनी आजीला सांगितलं की नाही, कोण जाणे. मला भिंगाखाली कळलं तेव्हा मीही तिला सांगितलं नाही. तुझ्यासाठी खाणीतलं माणिक घ्यावं असं दोन दिवस मनात होतं, पैसेही बाजूला काढले होते. पण त्या कोंदणात दुसरा खडा बसवायला हात धजावला नाही. तुला बदलून हवा असेल तर मोकळेपणानं सांग, मला वाईट वाटणार नाही.

आतल्या बाजूला ७५० चा, म्हणजे अठरा कॅरेटचा शिक्का आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, आहे. तो क्रमांक सरकारी मानक संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघ. रोज वापर, पेटीत ठेवू नकोस. मळली तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे.

माप तुझ्या जुन्या अंगठीवरून घेतलंय. घट्ट झाली तर तिकडे कुणाकडे टाकू नकोस. खडा न काढता डाग दिला, म्हणजे तापवून सांधा जोडला, की त्यासाठी लावलेला टाकणखार (बोरॅक्स) खड्याला खातो आणि वरची चकाकी जाते. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, तोवर करंगळीत घाल.

तुझे,
बाबा