फवारणी करणाऱ्याचे रक्तही तपासा

‘कीटकनाशके आणि पार्किन्सन’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. फ्रान्सने २०१२ मध्येच शेतीतील कीटकनाशकांशी निगडित पार्किन्सनला (कंपवाताला) व्यावसायिक, म्हणजे कामामुळे होणारा, आजार म्हणून मान्यता दिली आहे. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या आम्हा निफाड-दिंडोरीकरांना हा विषय परका नाही.

फळछाटणीनंतर डावणी, भुरी हे रोग आणि थ्रिप्स ही कीड यांसाठी फवारण्या सुरू होतात, त्या थेट काढणीच्या तोंडापर्यंत. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतील औषधांचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो, तपासायलाच हवा. मात्र तेच औषध महिनोन् महिने श्वासावाटे आणि त्वचेवाटे घेणाऱ्या माणसाची तपासणी कोणी करत नाही. त्यांत पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर आहेत, तसे स्वतः ब्लोअर (फवारणी यंत्र) चालवणारे आमच्यासारखे बागायतदारही आहेत. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी घेतले, तेव्हा निदान चर्चा तरी झाली. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात, त्याची बातमी होत नाही. हाताला कंप सुटेपर्यंत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो.

ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा परिणाम रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) चाचणीत दिसतो. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असल्याने ती हंगामाआधी एकदा आणि हंगामात पुन्हा करावी लागते. त्यातून पार्किन्सनचे निदान होणार नाही, पण कोणाला फवारणीपासून दूर ठेवायचे ते वेळीच कळेल. जिल्हा परिषदेने ही चाचणी यंदाच्या छाटणीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत सुरू करावी.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (नाशिक)