कॉक

लिव्हरमोर, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

प्रिय मिलिंद,

परवा फोनवर तू विचारलंस, "वर इंजिन बंद पडलं तर रे?" मी हसून विषय बदलला, कारण नंदा शेजारीच बसली होती. आता खरं सांगतो. गेल्या महिन्यात ते बंद पडलं.

तुझ्या बाबांची चेतक आठवते? पन्हाळ्याच्या चढावर बंद पडली, आपण घामाघूम होईस्तोवर किका मारल्या, प्लग काढून पुसला, आणि शेवटी कळलं की पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर करायचाच राहिलाय. मी तासावर भाड्याने घेतो ते पायपर वॉरियर हे छोटं विमान त्याच जातीचं. दोन पंखांत दोन टाक्या आणि डाव्या गुडघ्यापाशी एक कॉक: डावी, उजवी, बंद. सेसना १७२ या दुसऱ्या विमानात 'दोन्ही' अशी सोय असते, इथे नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने आपणच बदलायचं.

सांता मारियाहून परत येत होतो. ऑफिसातले दोघे बरोबर, दोघेही चांगले धिप्पाड, वर सामान. म्हणून टाक्या गळ्यापर्यंत न भरता आतल्या खुणेच्या पट्टीपर्यंतच भरल्या, एकेकीत १७ गॅलन. गॅलनचं वजन ६ पौंड, त्यामुळे माणसं वाढली की पेट्रोल कापावं लागतं. इंजिन तासाला साधारण ९ गॅलन पितं. अंतर १८० सागरी मैल. दिवसा उडताना पोचल्यावर अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक हवं असा इथला नियम. माझ्याकडे तर दीड तासाचं उरणार होतं. हिशेब चोख होता. फक्त तो दोन्ही टाक्यांचा होता, आणि मी निघालो तो डावीवर.

समोरून २० नॉटचा, म्हणजे तासाला २० सागरी मैलांचा वारा. पावणेदोन तासांचा रस्ता दोन तासांच्या वर जाणार हे दिसत होतं, आणि मी त्याचीच आकडेमोड करत बसलो. शेजारचा त्याच्या घराच्या कर्जाबद्दल बोलत होता. कॉक डोक्यातून साफ गेला. पिनॅकल्सचे सुळके मागे पडले, होलिस्टर गाव दिसायला लागलं, आणि ६५०० फुटांवर इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.

गंमत म्हणजे पंखा फिरतच होता, वाऱ्याने. त्यामुळे क्षणभर वाटलं, काही झालंच नाही. मग हात आपोआप चालले. नाक खाली, वेग ७३ नॉट. एवढ्या उंचीवरून त्या वेगाने सात-आठ मैल तरंगत जाता येतं. कॉक उजवीवर, पंप चालू. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडाही ओढला, कारण दमट हवेत उन्हाळ्यातसुद्धा आत बर्फ धरतो. चार-पाच सेकंदांत इंजिनाने धरलं. मागचा म्हणाला, "उतरायला लागलो का?" मी म्हटलं, "हो."

होलिस्टरला उतरून झाकणं उघडली. डावी टाकी कोरडी ठाक. उजवीत निळं पेट्रोल जवळजवळ पट्टीला टेकलेलं. डावीचा काटा शून्यावर गेलेला मी वर असताना पाहिला होता रे! पण पेट्रोलच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, घड्याळावर ठेवा, असं शिकवणाऱ्याने घोटून घेतलेलं. त्या दिवशी काटा खरं बोलत होता आणि घड्याळ मी लावलंच नव्हतं.

त्या डोंगरांपलीकडे मॉन्टेरे. हॉस्टेलवर तू ज्याची कॅसेट झिजवलीस, तो गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला तिथेच विमानासकट समुद्रात पडला. त्याचं लाँग-ईझी हे घरी बांधायचं विमान. मूळ आराखड्यात कॉक पायांच्या मध्ये. बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. पेट्रोलची पातळीही सीटच्या मागे, वळून बघावी लागे. निघताना पेट्रोल भरायचं का विचारलं, तर तो नको म्हणाला; तासभरच तर उडायचं होतं. कॉकसाठी मागे वळताना पायाने उजवं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबलं गेलं आणि विमान हातातून गेलं, असं तपासात निघालं. लोक त्याच्या निष्काळजीपणाबद्दल बोलतात. मला त्या कॉकच्या जागेचा राग येतो. माझा गुडघ्यापाशी होता.

त्या दोघांना मी अजून काही बोललेलो नाही. हे भित्रेपणाचंच आहे, कबूल. सांगेन.

सध्या स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं टायमर माझ्या उड्डाणाच्या पिशवीत असतं, तीस मिनिटांवर लावलेलं. नंदा चार दिवस ते शोधतेय. तिचा फोन आला तर तुला काही माहीत नाही.

तुझा,
अवि