जोकरच्या गाण्यांवर एवढा राग कशासाठी?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

'जोकर' चित्रपटाच्या दुसऱ्या भागाबद्दल आपल्या दैनिकात आलेली दोन पत्रे वाचली. मडगावच्या वाचकांनी 'गाणी घुसडून चित्रपटाचा सत्यानाश केला' असे लिहिले आहे. डिचोलीच्या पालकांचे म्हणणे असे की, खुनी माणसाला डोक्यावर घेणारे असले चित्रपट मुलांची माथी भडकवतात, ते गोव्यात लावूच नयेत. दोन्ही पत्रे कळकळीची आहेत. पण मला दोन्ही पटली नाहीत, आणि का पटली नाहीत ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी फोंडा तालुक्यातल्या जत्रांमधून आणि देवळांच्या उत्सवातल्या काल्याच्या नाटकांतून ऑर्गनची साथ करतो. बोलता बोलता पात्र गाऊ का लागते, हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये टॉड फिलिप्स या दिग्दर्शकाने बॅटमॅनच्या कॉमिक्समधल्या जोकर या खलनायकाला घेऊन स्वतंत्र चित्रपट केला. विदूषकाचे काम करून पोट भरणारा, आजारी, सगळ्यांनी टाकलेला आर्थर फ्लेक एक दिवस पिस्तूल चालवतो आणि शहरातले चिडलेले लोक त्याचा मुखवटा चढवून रस्त्यावर उतरतात, अशी ती कथा. त्या चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला, वाकिन फिनिक्सला ऑस्कर मिळाले आणि जगभरातली कमाई १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. आता २ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याकडे दुसरा भाग लागला. त्यात आर्थर कोठडीत आहे, त्याच्यावर खटला चालू आहे, लेडी गागाने केलेली ली नावाची तरुणी त्याला तिथे भेटते आणि दोघे गातात.

लोकांनी तो नाकारला, हे खरेच आहे. अमेरिकेत पहिल्या भागाने पहिल्या तीन दिवसांत ९.६ कोटी डॉलर मिळवले होते, दुसऱ्याला ३.८ कोटींच्या आसपासच मिळाले आणि पुढच्या शनिवार-रविवारी तर कमाई ८१ टक्क्यांनी घसरली. 'सिनेमास्कोर' या संस्थेच्या पाहणीत त्याला 'डी' श्रेणी मिळाली. कॉमिक्सवरच्या चित्रपटाला इतकी खालची श्रेणी याआधी कधी मिळाली नव्हती. मडगावच्या वाचकांनी याच श्रेणीचा दाखला दिला आहे, म्हणून ती कशी ठरते तेही पाहायला हवे. पहिल्या दिवशी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या हाती एक कार्ड देतात आणि ते त्यावर आपले मत नोंदवतात. पहिल्याच दिवशी धावत येतो तो पहिल्या भागाचा भक्त. त्यामुळे ही श्रेणी एवढेच सांगते की भक्त जे घ्यायला आला ते त्याला मिळाले नाही. चित्रपट चांगला की वाईट, हे त्यावरून ठरवता येणार नाही.

माझा भाचा फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकतो. तो अशा भक्तांपैकीच. पहिल्या भागात आर्थर रंगवलेल्या तोंडाने ज्या उंच पायऱ्यांवर नाचतो, त्या पायऱ्यांचे चित्र त्याच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. आम्ही दोघे मिळूनच पणजीला गेलो होतो. परत येताना बाणस्तारीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि मग म्हणाला, 'मामा, त्यांनी आम्हाला फसवलं.' पहिल्या भागाने आर्थरला उभे केले आणि दुसऱ्याने त्याला सगळ्यांदेखत पाडले, असे त्याचे म्हणणे. कॉमिक्समधली हार्ली, म्हणजेच या चित्रपटातली ली, मनोविकारतज्ज्ञ असते आणि जोकरवर उपचार करता करता त्याच्यात गुंतते, इथे मात्र ती कोठडीतली रुग्ण म्हणून भेटते, हीसुद्धा त्याची तक्रार. या दुसऱ्या तक्रारीत मला फारसा दम दिसत नाही. हार्ली मुळात कॉमिक्समध्ये जन्मलेलीच नाही. ती १९९२ साली टीव्हीवरच्या बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत आली आणि तिथून कॉमिक्समध्ये गेली. जोकर तर १९४० पासून दर पिढीत वेगळाच होत आला आहे. पण पहिली तक्रार खरी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येतो.

आधी गाण्यांचे बोलू.

आम्ही पाहिले तेव्हा थिएटर निम्मे रिकामे होते. तिसरे की चौथे गाणे सुरू झाले तसा मागच्या रांगेतून आवाज आला, 'परत गावंक लागलो मरे!' आणि हशा पिकला. मला वाईट वाटले ते गोव्यात हा हशा पिकला म्हणून. ज्या मंगेशीत मास्टर दीनानाथ जन्मले, ज्यांचे नाव कला अकादमीच्या नाट्यगृहाला आहे, तिथून ही पणजी किती लांब? आपल्या गावांत देवळासमोरच्या मांडवात दुःखी नायक पद गातो, रागावलेली नायिका पद गाते, आणि लोक वन्समोअर देऊन त्याच दुःखातून त्यांना पुन्हा जायला लावतात. 'खऱ्या आयुष्यात कोणी असे गाते का?' हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी कधी विचारला नाही. आपणही सौभद्राला बसलो तर विचारत नाही.

संगीत नाटकात एक जागा फार नाजूक असते. गद्य संवाद संपत येतो, नटाचे वाक्य उतरणीला लागते, आणि ऑर्गनवाला त्या वाक्याखाली हळूच षड्ज धरतो. नट अजून बोलतच असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानाला चाहूल लागलेली असते. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले, ते कळता कामा नये. ही जागा चुकली तर कितीही चांगल्या गळ्याचा नट उघडा पडतो. या चित्रपटात फिनिक्स आणि गागा यांनी चित्रीकरण चालू असतानाच प्रत्यक्ष गायले आहे, मागाहून स्टुडिओत जाऊन नाही. आर्थर पहिल्यांदा गाऊ लागतो तेव्हा तो जवळजवळ बोलतोच आहे. आवाज चिरकतो, श्वास पुरत नाही, स्वर लागतो न लागतो. माझ्या कानाने ती जागा तिथेच ओळखली. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ज्याला मन मोकळे करता येत नाही असा माणूस गाण्याकडे कसा सरकतो, ते त्यात दिसते. आणि हे पहिल्या भागातही होते. तिथे पहिल्या खुनांनंतर आर्थर एका घाणेरड्या स्वच्छतागृहात शिरतो आणि संथपणे नाचू लागतो. तो प्रसंग हिल्दूर गुडनाडोटिर यांचे चेलोवरचे संगीत सेटवर ऐकवून घडवलेला आहे. त्या संगीतालाही ऑस्कर मिळाले. तेव्हा कोणी म्हटले नाही की खून करून माणूस नाचतो कसा.

मात्र गाणी सगळ्यांपर्यंत का पोचली नाहीत, याचे एक कारण मला दिसते आणि त्यात प्रेक्षकांचा दोष नाही. यातली बहुतेक गाणी जुनी, अमेरिकेत पिढ्यानपिढ्या रेडिओवर वाजत आलेली आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या ओळीबरोबर आपले तरुणपण आठवत असेल. आपल्यासाठी ती परकी. पद रंगते ते ऐकणाऱ्याला आधीपासून येत असते म्हणून. नटाने मुखडा घेतला की अर्धा मांडव मनातल्या मनात पुढची ओळ म्हणत असतो. ती सोबत पणजीतल्या प्रेक्षकाला मिळाली नाही. तरीही, आपल्या तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां (गाणी) होतात, त्यांचा कथेशी संबंध असतोच असे नाही, आणि लोक ती आनंदाने ऐकतात. कथा थांबवून गाणे ऐकण्याची सवय आपल्याला आहे. मडगावच्या मित्रांनी ती सवय थिएटरच्या दाराबाहेर का ठेवली?

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. उत्तरार्धात गाणी साचतात. पदाने प्रसंग पुढे सरकायला हवा. गाण्याआधी पात्र जिथे होते तिथेच गाण्यानंतर असेल, तर ती मैफल झाली, नाटक राहिले नाही. आपल्याकडेही नाटकाच्या मैफली झाल्या तेव्हा जाणत्यांनी कान उपटलेच होते. शिवाय गागासारखी गायिका हाताशी असून तिला मोकळे गाऊच दिलेले नाही, आणि तिची ली नेमकी काय शोधते आहे ते शेवटपर्यंत धूसर राहते. हे दोष मोठे आहेत. पण ते गाण्यांच्या वापरातले दोष आहेत, गाणी असण्याचे नाहीत.

आता भाच्याची तक्रार. आर्थरला पाडले, हे खरे. कोर्टात आर्थर आपल्या वकील बाईंना काढून टाकतो, तोंड रंगवून, जोकरचा वेष करून स्वतःचा खटला स्वतः चालवायला उभा राहतो. गॅलरीतले भक्त खूश. आणि मग साक्षीला येतो गॅरी, त्याचा विदूषकांच्या कंपनीतला जुना सोबती, ठेंगणा, पहिल्या भागात ज्याच्यासमोर आर्थरने एकाला ठार केले आणि ज्याला त्याने जाऊ दिले, तो. आर्थर वकिली थाटात, आवाज बदलून त्याची उलटतपासणी घेतो. गॅरी थरथरत सांगतो की कामावर माझी टिंगल न करणारा तू एकटाच होतास, आणि त्या दिवसापासून भीतीने मला झोप नाही. रंगवलेल्या तोंडामागे आर्थरचा चेहरा उतरत जातो. हा प्रसंग मी विसरू शकत नाही. पुढे कोठडीतल्या पहारेकऱ्यांची मारहाण होते, एका कोवळ्या कैद्याचा जीव जातो, आणि आर्थर कोर्टासमोर सांगतो की जोकर असा कोणी नाही, जे केले ते मीच केले. त्या क्षणी ली उठून निघून जाते. तिला आर्थर नकोच होता, तिला जोकर हवा होता.

डिचोलीच्या पालकांनी हा भाग पाहिला असेल असे वाटत नाही. खुनी माणसाची पूजा होते ही त्यांची भीती पहिल्या भागाबद्दल असती तर मी वाद घातला नसता. पण दुसरा भाग त्याच पूजेवर घाव घालतो, आणि म्हणूनच तर भक्त चिडले आहेत. मुखवटा उतरवून टाकलेला माणूस कोणाला बघायचा नाही. असुराभोवती जमण्याची हौस आपल्यालाही आहेच. येत्या नरक चतुर्दशीसाठी वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहत आहेत, रात्रभर त्यांच्यापुढे कर्णे लागतील, बक्षिसे लागतील, आणि पहाटे दहन दोन मिनिटांत उरकेल. त्या मुलांना मी वाईट म्हणत नाही, मीही तारुण्यात कागद चिकटवले आहेत. पण बंदी मागणाऱ्यांनी आधी आपल्या मुलाला शेजारी बसवून हा चित्रपट पाहावा आणि गॅरीच्या साक्षीनंतर त्याच्याशी बोलावे. मी भाच्याशी बोललो. तो अजून रागावलेला आहे, पण गॅरीबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली आला.

आमच्या नात्यातल्या एक बाई बांबोळीच्या मनोरुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचे मत या सगळ्यांहून निराळे. गाण्यांचे त्यांना काहीच वाटले नाही. त्यांना खटकले ते हे की, बचावाची वकील आजाराचा उपयोग सुटकेसाठी करते, सरकारी वकील तो खोटा ठरवतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि या माणसाला उपचार मिळतात का, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न मी कोणत्याही परीक्षणात वाचला नाही. आपल्याही नाही.

आणि इथेच माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या पुरवणीतल्या परीक्षणात या चित्रपटाला तारे किती ते ठळक छापले होते आणि खाली जेमतेम दोन परिच्छेद होते, त्यातला एक कमाईचा. फ्रान्सिस फोर्ड कपोलांसारखा बुजुर्ग दिग्दर्शक या चित्रपटाचे जाहीर अभिनंदन करतो आणि त्याच आठवड्यात थिएटरे ओस पडतात, अशा वेळी एका माणसाचे मत पुरत नाही. २० नोव्हेंबरपासून पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. निदान त्या दिवसांत तरी एकेका चित्रपटावर दोघांना लिहू द्या, एक ज्याला तो आवडला आणि एक ज्याला आवडला नाही, आणि ताऱ्यांची जागाही त्यांनाच द्या. संगीतावर लिहायला माणूस हवा असेल तर फोंड्यात जाणकारांची वाण नाही. आणि मडगावच्या वाचकांना माझा निरोप छापावा: कार्तिकात आमच्याकडे काल्याचे नाटक आहे, ऑर्गनजवळची खुर्ची मी त्यांच्यासाठी राखून ठेवतो.

आपला,
एक नियमित वाचक,
म्हार्दोळ, फोंडा