ब्रास मोजता, तशा बेंचही मोजा

संपादक महोदय,

दिवाळीनंतर रस्त्यांची कामे निघतात आणि यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या गिट्टी खदानी पुन्हा जोरात सुरू होतात. दरड कोसळून मजूर दगावला की 'दुर्दैवी अपघात' म्हणून दोन ओळींची बातमी येते. भिंत किती उंच होती, वर मुरूम किती होता, सुरुंगाचा बार कोणी भरला होता, हे कोणी विचारत नाही.

खाण सुरक्षेचे कायदे कोळसा आणि मँगनीजसाठी, गिट्टीला ते लागत नाहीत, असा समज मालकांपासून ग्रामपंचायतीपर्यंत पक्का आहे. तो चूक आहे. गिट्टी-मुरमाच्या उघड्या खदानीला सूट मिळते ती तीन अटी एकत्र पाळल्या तरच: खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नाही, कोणत्याही एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे नाहीत आणि स्फोटके अजिबात नाहीत. एक अट मोडली की सूट गेली. काळा पाषाण सुरुंगाशिवाय सहसा निघत नाही, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक खदानी कायद्यात येतात. १९५२ च्या खाण अधिनियमात हेच होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. अशा खदानीला सुरू होण्याआधी खाण सुरक्षा महासंचालनालयाला सूचना द्यावी लागते, पात्र व्यवस्थापक नेमावा लागतो, प्रमाणपत्रधारक ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) आणि मेट (मजुरांवर देखरेख करणारा) ठेवावे लागतात. हे महासंचालनालय केंद्राच्या श्रम मंत्रालयाचे. मुख्यालय धनबादला, आपल्यासाठी कार्यालय नागपूरला. बुलढाण्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते, आणि तिथे कळवलेच नाही तर निरीक्षक येणार तरी कुठून?

१९६१ च्या धातुखाण विनियमांत उंचीचा हिशेब स्पष्ट आहे. कठीण दगडात बेंच, म्हणजे खदानीच्या भिंतीत सोडलेली पायरी, ६ मीटरपेक्षा उंच नको. वरच्या माती-मुरमाला एकतर ४५ अंशांपेक्षा कमी उतार द्या, नाहीतर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या पाडा. काठापासून ३ मीटरच्या आत सुटा दगड, झाड, ढिगारा ठेवू नका. खालून पोखरून वर छज्जा सोडू नका. आपल्या पाषाणात आणखी एक घात असतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गेरूचा लाल पट्टा लागतो. पावसाळाभर पाणी मुरून तो पट्टा मऊ पडतो आणि वरचा सांध्यांनी चिरलेला दगड त्यावरून सरकतो. म्हणून पावसाळ्यानंतर पहिला बार भरण्याआधी वरचे सुटे दगड पाडून घेणे आणि गेरूच्या खाली कोणाला उभे न करणे, एवढे तरी व्हायलाच हवे.

मग बेंच का पाडत नाहीत? निव्वळ पैशाचे गणित आहे. १०० बाय १०० मीटरची खदान सरळ भिंतीने १८ मीटर खोल नेली तर १ लाख ८० हजार घनमीटर दगड निघतो. तीच ६ मीटर उंच, ६ मीटर रुंद बेंच सोडत नेली तर सुमारे १ लाख ४१ हजार. म्हणजे पाचवा हिस्सा, १३ हजारांहून जास्त ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), भिंतीत अडकून राहतो. लिलाव करताना प्रशासन जर सरळ भिंतीच्या हिशेबाने दगड धरत असेल, तर बेंच बुडवण्याचे आमंत्रण तेच देते.

सुरुंगाचेही तसेच. बार उडवताना किमान ३०० मीटरच्या आतली सगळी माणसे आडोशाला गेली पाहिजेत, आणि नेमके याच दिवसांत शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत असतात. भोंगा वाजवून भागत नाही. पांदणीवर दोन्ही बाजूंनी लाल झेंडी घेऊन माणूस उभा हवा. न उडालेल्या बाराचा मसाला, म्हणजे स्फोटक, उकरायचा नसतो. त्याच्यापासून किमान ३० सेंटिमीटरवर, त्याला समांतर नवे भोक पाडून तो उडवायचा असतो. जुन्या बाराच्या उरलेल्या भोकात, सॉकेटमध्ये, पुन्हा ड्रिल घालणे तर सरळ मरण. तळाशी मसाला शिल्लक असू शकतो. घाई असली की नेमके तेच केले जाते, कारण तिथे ड्रिल आयते बसते.

धुळीची मर्यादा सगळीकडे सारखी नाही. १५ ला धुळीतल्या मुक्त सिलिकाच्या (गारगोटीत असते ती) टक्केवारीने भागायचे. येईल तेवढे मिलिग्रॅम दर घनमीटरला, पण ५ च्या वर नाही. पाषाणात सिलिका कमी, म्हणून पश्चिम विदर्भात धोका त्यामानाने कमी. भंडारा-गडचिरोलीकडच्या गारगोटीच्या दगडात ३० टक्के सिलिका असली तर मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमवर येते. तिथे पाणी मारत ड्रिल करणे आणि दर पाच वर्षांनी छातीचा एक्स-रे टाळून चालणार नाही. तोंडाला रुमाल बांधून सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, थांबत नाही.

राज्य सरकारच्या 'महाखनिज' या ऑनलाइन प्रणालीवर गिट्टीच्या प्रत्येक गाडीचा वाहतूक पास निघतो. त्याच ठिकाणी चार गोष्टी सक्तीच्या करा: महासंचालनालयाला दिलेल्या सूचनेची पोच, व्यवस्थापकाचे नेमणूकपत्र, ब्लास्टरचे प्रमाणपत्र आणि दर तीन महिन्यांनी बेंचच्या मोजमापाचा नकाशा. यातली एक जरी गोष्ट कमी असली तरी पास बंद. लिलावातला साठाही बेंचचा दगड वजा करूनच ठरवावा. जिल्हा खनिकर्म अधिकारी खदानीवर जातातच. ब्रास मोजणारी टेप भिंतीलाही लावायला त्यांना वेगळा कर्मचारी लागणार नाही.

— एक खाण व्यवस्थापक, दिग्रस (जि. यवतमाळ)