हातमोज्याची गोष्ट

पुणे, ३ मार्च

प्रिय सुलू,

आधी वाईट बातमी सांगून टाकते. तुझा डावा हातमोजा गेला. गुलमर्गच्या खोलीत बुखारी असते, म्हणजे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, धुराडं वर छतातून बाहेर काढलेलं. ओले मोजे त्या धुराड्याजवळ वाळत घालायचे, पण त्याला टेकवायचे नाहीत, हे मला तिसऱ्या रात्री वासावरून कळलं.

तुझ्या आईंचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी पण जाणं रद्दच करणार होते. अनोळखी लोकांत, सत्तेचाळीसाव्या वर्षी, पायाला पट्ट्या बांधून बर्फावर घसरायला, म्हणजे स्कीइंग शिकायला, एकटीनं जायचं! घरात सगळ्यांनी तोंड दाबून हसून घेतलं. त्या हसण्याच्या रागावरच मी गेले म्हण ना.

आम्ही अकरा जण होतो आणि त्यातले आठ एकटे आलेले. श्रीनगर ते टंगमर्ग गाडीत चिडीचूप. सगळे फोनकडे बघतायत, आणि फोन बंद! आपलं इकडचं प्रीपेड कार्ड तिकडे चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे संयोजकांनी सांगितलंच नव्हतं. (शिकवणाऱ्यांचंही तेच. जाहिरातीत पाच जणांमागे एक म्हटलेला, पहिले दोन दिवस अकरा जणांत एकच सर. भांडले मी, तिसऱ्या दिवशी दुसरे आले.) टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीत बसायचं आणि तेरा किलोमीटर वर चढायचं. एका वळणावर गाडी जागेवरून घसरली, तेव्हा नागपूरच्या दंतवैद्यानं मोठ्यानं रामरक्षा सुरू केली. तिथून कुणी गप्प बसलं नाही.

आता खरी गंमत. स्कीचे बूट म्हणजे कडक प्लास्टिकचे डबे, घोटा वाकतच नाही. आत एकच मोजा घालायचा, दोन घातले की रक्त अडून पाय आणखी गार पडतात. ते घालून चालताना प्रत्येक जण सारखाच बावळट दिसतो, मग तो बँकेचा मॅनेजर असो की माझ्यासारखी. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात त्याच मैदानाच्या कडेच्या बारक्या उतारावर आमची शाळा. पहिल्या दिवशी लिफ्ट नाहीच. पट्ट्या आडव्या टाकत खेकड्यासारखं वर चढायचं, वीस मिनिटं. उतरायला दहा सेकंद, तीही पडलो नाही तर.

थांबायचं कसं, तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची. सर त्याला 'पिझ्झा' म्हणत. नाशिकच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी त्याचा सामोसा केला, आणि संध्याकाळपर्यंत सरही ओरडायला लागले, 'मॅडम, सामोसा! बडा सामोसा!'

पण मला छळलं ते झुकण्यानं. भीती वाटली की माणूस मागे रेलतो ना? मागे रेललं की पट्ट्यांच्या पुढच्या भागावरचं वजन जातं आणि त्या आपलं ऐकेनाशा होतात, वेग वाढतो, मग आपण आणखी मागे रेलतो. वाचायचं तर नडगी बुटावर दाबून उताराकडेच झुकायचं. अंग साफ नाही म्हणतं गं! तीन दिवस मी दर खेपेला बुडावर. उठतानाही आधी पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठता पुन्हा चाललो. एकदा दंतवैद्य बसल्या बसल्या घसरत गेला तो थेट स्लेजवाल्यांच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या ओढणाऱ्यांच्या घोळक्यात. त्यांनी हसत त्याला चहा दिला. त्याला उचलायला गेलेल्या आम्ही तिघीही पडलो.

मला वाटतं आमची मैत्री जमली ती तिथेच. शेकोटी आणि ओळख-परेड नव्हे, त्यात सगळे नोकरी आणि मुलं सांगतात. इथे कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही, पण कोण कुठल्या कुशीवर पडतं हे प्रत्येकाला पाठ. माझ्या खोलीत बेळगावच्या निवृत्त शिक्षिका होत्या. घोरायच्या, पण पहाटे बुखारीत लाकूड घालायला त्याच उठायच्या.

चौथ्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी झुकले. सामोसा झाला, वळले, थांबले. उभी! मागून दहा जणांचा गोंधळ. त्या संध्याकाळी कहवा, म्हणजे काश्मिरी चहा, प्यायला नेऊन माझ्याकडूनच पैसे घेतले.

गंडोल्यानं, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्यानंही वर गेलो, पण नुसते बघायला. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत. त्यापुढचा अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंतचा, ३,९०० मीटरच्या वर जाणारा टप्पा वाऱ्यामुळे बंद होता. बरंच झालं. तिथला भुसभुशीत बर्फ जाणत्यांसाठी आहे, हिमस्खलनाचीही भीती असते. दुसऱ्या टप्प्यासाठी आलेले परदेशी लोक खांद्यावर पट्ट्या टाकून निमूट वाट बघत होते, आणि आम्ही त्यांच्या शेजारी भजी खात होतो.

गुडघे अजून दुखतायत. आईंना वॉकर जमतोय का? उजवा हातमोजा चांगला आहे, सोबत पाठवते आहे. डाव्याचं माप काढायला तोच लागेल. पुढच्या फेब्रुवारीचं दंतवैद्य आत्ताच विचारतोय, मी तुझं नाव परस्पर सांगून बसले आहे. बुटाचा नंबर कळव.

तुझी,
मंगल