उदास गाणी म्हणजे कंटाळवाणी नव्हेत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत एका नव्या गायिका-गीतकाराच्या अल्बमचं परीक्षण वाचलं आणि सगळी गाणी एकाच उदास मूडची म्हणून अल्बम कमी दर्जाचा, हा निष्कर्ष काही पटला नाही. एकच मूड शेवटपर्यंत टिकवणं हीच तर अशा अल्बममधली खरी मेहनत असते, आणि ती एका ऐकण्यात हाती लागत नाही.

ब्रिटिश गायक-गीतकार निक ड्रेकचा ‘पिंक मून’ हा अल्बम घ्या ना. ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत रेकॉर्ड झाला, ११ गाणी, जेमतेम २८ मिनिटं, नुसता आवाज आणि गिटार, टायटल साँगमध्ये थोडासा पियानो, बस्स. १९७२ मध्ये आला तेव्हा फारसा कुणी विकत घेतला नाही, १९७४ मध्ये २६ व्या वर्षी ड्रेक गेला, आणि १९९९ मध्ये एका कारच्या जाहिरातीत तेच टायटल साँग वाजल्यावर लोक अल्बम शोधायला लागले. गाण्यातला एक सूरही बदललेला नव्हता.

परीक्षणात ज्या चौथ्या गाण्याला रटाळ म्हटलंय, त्यात दुसऱ्या कडव्याआधी गायिका थांबते, श्वास घेते, तारेवरून बोट सरकल्याचा आवाजसुद्धा तसाच ठेवलाय. मी रात्री हेडफोन लावून ऐकलं तर पुढची ओळ येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता. आणि शब्द तिने स्वतः लिहिलेत तरी त्यांच्याबद्दल परीक्षणात एक ओळ नाही! निदान तेवढं तरी लिहायला हवं होतं.

– एक वाचक