दम्याचा पंप कुलपात नको, वर्गात हवा : पालक-शिक्षक संघाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बालवर्ग ते दुसरीच्या प्रत्येक वर्गात यंदापासून दम्यासाठी तातडीची पेटी ठेवायचे संघाने ठरवले आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

एवढी लहान मुलं ‘दम लागला’ असं सांगतातच असं नाही. कुणी पोट दुखतंय म्हणतं, कुणी खेळ सोडून गप्प बसतं, कुणी नुसतं खोकत राहतं. बाईंच्या लक्षात येईपर्यंत वेळ गेलेला असतो. त्यात पंप कार्यालयातल्या कपाटात आणि किल्ली भलत्याच्याच खिशात, असं होता कामा नये.

पंप नुसता तोंडात धरून मारला, तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशातच राहतं. दाबणं आणि श्वास आत घेणं यांचा मेळ लहानांना जमत नाही. म्हणून पंप आणि तोंड यांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, लागतो. अगदी लहानांना मास्कसह. मुलाला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. पंप हलवून एका वेळी एकच फवारा द्यायचा, संथपणे ४-५ श्वास घेऊ द्यायचे, मग पुढचा. किती फवारे, ते त्या मुलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर असेल. बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर फवारे देत देतच रुग्णवाहिका बोलवायची. धाप चालूच असताना छातीतली घरघर अचानक थांबली, तर हायसं वाटून घेऊ नये. हवाच आत-बाहेर होत नसेल.

‘पंपाची सवय लागते’ हे अजूनही ऐकू येतं. सवय लागत नाही. तातडीच्या पंपातलं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल. त्याच्या २ मिलिग्रॅमच्या एका गोळीत १०० मायक्रोग्रॅमच्या २० फवाऱ्यांइतकं औषध असतं. पंपाची मात्रा कमी असते आणि ती थेट फुप्फुसात पोचते. मात्र हा पंप वारंवार लागू लागला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

तर मागणं असं : नवे, न वापरलेले स्पेसर (मास्कसह आणि मास्कविना) किंवा त्यासाठी रोख देणगी, पावती मिळेल. डॉक्टर किंवा परिचारिका असलेल्या पालकांनी शिक्षक, सेविका आणि बसमधल्या ताईंना शिकवायला तासभर द्यावा. फळा आणि कपाटं ओल्या फडक्याने पुसायला शनिवारी हात मिळाले, तर खडूची धूळही आटोक्यात राहील. औषधं मात्र देणगीत घेणार नाही. दमा असलेल्या मुलाच्या पालकांनी डॉक्टरांचा सहीचा कागद आणि मुलाच्या नावाचा पंप, मुदत तपासून, वर्गशिक्षकांकडे द्यावा.

पेटीतला स्पेसर एकदा वापरला की तो त्याच मुलाचा. म्हणून ही मागणी दर सत्राला पुन्हा येईल.

आपला,
पालक-शिक्षक संघ